प्लस भिंतीत, मायनस जमिनीत

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाच्या! टेम्पोवाला भला माणूस निघाला. सामान थेट वरच्या मजल्यापर्यंत चढवून दिलं, आईंची वेताची खुर्ची तर डोक्यावर धरून आणली, आणि वर चहा पिऊन, खोल्या छान आहेत असं सांगून गेला. आणि खरंच छान आहेत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोठ्या खिडक्या. खाली लांबलचक हॉल. पूर्वी इथे वाफेवर कपडे धुण्याचा कारखाना होता. आसपासच्या हॉस्पिटलांच्या चादरी, खानावळींचे टेबलक्लॉथ, शाळांचे गणवेश, सगळं इथे यायचं. आता मालकांनी जागा घेतलीये ती कागदाची रिळं ठेवायला. आणि कागदाला ओल चालत नाही, म्हणून भिंती वाळवायला मी.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा मुलगा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की आम्ही दोघी आता आपापल्या वाटेने जाऊ. नाही गेलो. भांडायला दुसरं माणूस शोधायचा कंटाळा, दुसरं काय! त्यांनी आयुष्यभर तलावावर पोरांना पोहायला शिकवलं. अजून खांदे असे की दाराच्या चौकटीतून तिरकं व्हावं लागतं, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचं पोर श्वास धरायचं. आल्या आल्या खिडकी उघडून म्हणाल्या, हवेला साबणाचा वास येतोय गं, कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली?

बरीच झाली. पण वास आहे खरा. मला तर आवडला.

मंगळवार, ४ तारीख

आज हॉल नीट पाहिला. भिंती माझ्या खांद्यापर्यंत ओल्या. नुसत्या ओल्या नाहीत, तुडुंब. गिलाव्यावर खारट लोणा फुलून पांढऱ्या दाढ्या लोंबतायत. गवंडी आहेत बापू, दात कमी आणि बोलणं जास्त. ते लोणा खरवडत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, ताई, मोटार कधी येणार? मी म्हटलं, मोटार नाहीच. मग पंप कुठाय? मी म्हटलं, बापू, ही भिंतच पंप. ते इतके हसले की फळीवरून खाली उतरावं लागलं.

आईंनाही संध्याकाळी समजावून सांगितलं. विटेत केसापेक्षा बारीक असंख्य वाटा असतात. त्या वाटांच्या कडेला चिकटून असलेल्या पाण्यावर थोडा विद्युतभार असतो. भिंतीत प्लसची पट्टी पुरायची, बाहेर जमिनीत मायनसच्या सळया ठोकायच्या. मग कडेचं पाणी सळयांकडे सरकायला लागतं, आणि सरकताना शेजारच्या पाण्यालाही ओढून नेतं. गर्दीत पुढचे चालायला लागले की मधला माणूसही आपोआप चालतो, तसं. ना पंखा, ना दट्ट्या, ना सील, ना बेअरिंग. अर्धं आयुष्य मी पंपघरांत ग्रीसने बरबटून काढलं, बाईमाणसाला जमणार नाही हे ऐकत काढलं, आणि आता हा असला पंप की ज्यात हलतं ते फक्त पाणी! आवाजसुद्धा नाही. आई म्हणाल्या, आवाज न करता काम करणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

पट्ट्या आणि सळया माझ्या आधीच्या तंत्रज्ञाने बसवून ठेवल्यात. हात चांगला होता त्याचा, एक जोड ढिला नाही. मालक म्हणाले की तो आजारी पडून घरी गेला. मालक तरुण आहेत, बोलायला अदबशीर, दर वाक्याआधी सॉरी म्हणतात.

गुरुवार, ६ तारीख

सुरू केला! पावाच्या डब्याएवढी पेटी, तिच्यावर एक हिरवा दिवा, आणि बस्स. बापू भिंतीला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, लाइट गेली वाटतं.

अंगणात, इमारत आणि फाटक यांच्या मधे, सळयांभोवती चर खणलाय आणि चराचं पाणी एका सिमेंटच्या हौदात येतं. दुपारी हौदाच्या तळाला पहिली चूळभर ओल दिसली. संध्याकाळी घोट्याएवढं पाणी. पिवळट, थोडं फेसाळ. बोट बुडवून वास घेतला. साबण, आणि त्याच्या खाली काहीतरी खारट, अंगाचा असतो तसा वास. आई म्हणाल्या, असणारच. किती घामाच्या चादरी, किती बाळंतपणांची फडकी, किती मेलेल्यांचे कपडे इथे धुतले असतील. सगळं प्यायलंय या भिंतींनी.

माझी मान आज उगीचच ताठ आहे. काम झालं की होते तशी.

रविवार, ९ तारीख

मालक केक घेऊन आले. भिंतीची ओल मोजायचं मीटर मी त्यांच्याच हातात दिलं. आकडा बघून त्यांनी सॉरी म्हणून माझा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या लवकर भिंत वाळलेली मी कधी पाहिली नाही. साबणाचा वासही गेला.

एक गंमत. बापूंनी खिडकीखाली नवी पायरी बांधली आणि मला हाक मारली. ओळंबा सोडला तर काम सरळ. पाणसळ ठेवली तर तिच्यातला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसलेला. आम्ही दोघांनी पाणसळ उलटी करून ठेवली, दुसरी आणली, फरशीवर ठेवली, माझ्या टेबलावर ठेवली. बुडबुडा सगळीकडे हॉलच्या आतल्या बाजूला. म्हणजे पाणसळीतलं पाणी बाहेरच्या बाजूला, हौदाकडे. बापू म्हणाले की दोन्ही पाणसळ्या बिघडल्या. मी म्हटलं, हो, एकदम दोन्ही. हसलो.

जेवताना आईंच्या पेल्याकडे लक्ष गेलं. पाणी एका बाजूला बोटभर वर चढलेलं होतं. पेला सरळ, टेबल सरळ. मी पेला फिरवला. पाणी आपल्या जागी परत गेलं, हौदाच्या बाजूला.

आई म्हणाल्या, भार असेल म्हणालीस ना पाण्यावर? मी हो म्हटलं. एवढ्याशा पेटीने पेल्यातलं पाणी चढत नाही, हे मला माहीत आहे. उद्या तपासते.

बुधवार, १२ तारीख

तपासलं. पेटीतून निघतंय तेवढंच निघतंय, काही वाढलेलं नाही. भिंतीचं मीटर शून्य दाखवतं. विटेचा तुकडा काढून हातात कुस्करला तर पीठ. त्या भिंतीत आता काढण्यासारखा थेंब नाही.

आणि हौद भरतोय. रोज पहिल्यापेक्षा जास्त.

हे पाणी कुठून येतंय?

बापूंच्या नाकातून दोनदा रक्त आलं. एकाच नाकपुडीतून, आणि ओठांवर न येता गालावरून कानाकडे गेलं. त्यांनी फडक्याने पुसलं आणि उन्हाला शिव्या घातल्या. ऊन नाही. माझा डावा पाय सुजलाय, झोपताना जो हौदाच्या बाजूला असतो तो. उजवा इतका बारीक झालाय की चप्पल निसटते.

आईंना रेडिओवर नाटक ऐकताना रडायला लागतं, ती त्यांची हौसच आहे. आज मी समोर बसून होते. डोळ्यांतलं पाणी खाली आलं नाही. आडवं गेलं. दोन्ही डोळ्यांचं एकाच दिशेला, एक नाकाच्या वरून, एक कानशिलावरून. आईंनी हात लावून पाहिलं. माझ्याकडे बघितलं. मग रेडिओ बंद करून म्हणाल्या, हे काय आहे ते शोध. मी घाबरलेय असं समजू नकोस, मला राग आलाय.

मलाही.

शनिवार, १५ तारीख

सकाळी पेटी बंद केली. थांबले. हौदात धार चालूच. पट्ट्यांच्या तारा काढल्या, सळयांच्या काढल्या, टोकं एकमेकांपासून दूर बांधून ठेवली. सोडलेल्या तारेला मीटर लावलं तर काटा फिरला. वीज आत जात नाहीये आणि तरी ओढ चालू आहे. भिंतीला शिकवलं कसं ओढायचं, आणि ती शिकली. आता तिला पेटी नको आहे.

हौद काठोकाठ भरला, पण सांडत नाही. पाणी मधे फुगून काठाच्या वर उभं आहे, पावाच्या पाठीसारखं. वारा आला तरी हलत नाही.

मालकांना सांगितलं. सॉरी म्हणाले, सोमवारी रिळांचे ट्रक येतायत, भिंती तर कोरड्या आहेत ना? मी पाणसळ दाखवली. म्हणाले, नवी मागवू.

मग माझ्या आधीच्या तंत्रज्ञाच्या घरी फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. तो गेला. पेटी एकदाच चालवून पाहिली होती त्याने, आणि इथून घरी गेल्यावर आठवडाभरात. ती सांगत होती की तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा आणि ओठ कोरडे. लघवीला होईना, घाम येईना, कातडी हाताला कागदासारखी लागायची. खुर्चीतच गेला. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं, आणि घरात सगळ्यांच्या अंगात स्वेटर होते. तिने मला विचारलं की तुमची जागा आमच्या गावाच्या कुठल्या बाजूला येते. मी सांगितलं. मग म्हणाली की त्याच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी त्याच बाजूला कलायचं. शेवटी शेवटी तोही.

म्हणजे पळून उपयोग नाही. आधी तीच गोष्ट डोक्यात आली. बरं झालं, तो प्रश्न मिटला.

केसापेक्षा बारीक वाटा, आणि त्यात पाणी. माणसाच्या अंगात तरी दुसरं काय असतं?

सोमवार, १७ तारीख

बापू गेले.

नीट लिहायचंय. 

दुपारी ट्रक रिकामे झाले. रिळं हॉलमध्ये रचली गेली. बापू जेवून भिंतीला पाठ टेकून बसले, रोजच्यासारखे, पाय लांब करून. मी दहा हातांवर तारा गुंडाळत होते. ते मला त्यांच्या धाकट्या नातीची गोष्ट सांगत होते, तिने शेळीला बूट घातले त्याची. बूट कुठून आणले ते सांगायच्या आधी थांबले. मी म्हटलं, मग? मान वर केली.

डोळे उघडे होते. ओठ सालपटासारखे. मी धावले, खांद्याला धरून पुढे ओढलं, आणि ते आले. एवढे सहज आले की मीच मागे पडले. काहीच वजन नव्हतं. वाळलेल्या फांदीसारखे. आणि भिंतीवर जिथे त्यांची पाठ होती तिथे ओल होती. पाठीच्या आकाराची, खांदे, पाठीचा कणा, डोक्याचा गोल. माझ्या डोळ्यांदेखत ती बाजूबाजूने आटत गेली, भिंतीने गिळली. मग बाहेर हौदात डुबुक झालं.

डॉक्टर आले. हृदय म्हणाले. मालक फाटकाशी उभे होते.

मी भिंतीवर लाथ मारली. पायाला लागलं. पुन्हा मारली.

मंगळवार, १८ तारीख

शाईने लिहिलेलं एका बाजूला पसरतंय. प्रत्येक अक्षराला शेपूट, सगळी शेपटं हौदाकडे. पेन्सिल घेतली.

आईंना सकाळी उठता येईना. खांदे उतरलेत. एका रात्रीत त्या त्यांच्याच कपड्यांत हरवल्या. पळून उपयोग नाही हे माहीत असूनही त्यांना बसने माझ्या धाकट्या बहिणीच्या गावी हॉस्पिटलात नेलं. सलाइन लावलं. मी बाटलीकडे बघत होते. नळीतला थेंब सरळ पडत नव्हता. तिरका पडत होता, काचेच्या एका कडेला, इथल्या दिशेला. नर्सने स्टँड बदलला. मग दुसरा बदलला. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली आणि कोणीच परत आलं नाही.

आई म्हणाल्या, मला परत ने. मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला. म्हणाल्या, अगं, इथे पडलं की पाठीमागून घेतं ते. घ्यायचंच असेल तर माझ्या तोंडाकडे बघून घेऊ दे. आणि तू तिथे काय करायचंस ते कर, इथे बसून माझे पाय चेपू नकोस.

संध्याकाळच्या बसने परत आलो. बहीण रडत होती. तिचं पाणी सरळ खाली जात होतं. ते बघून किती बरं वाटलं.

बुधवार, १९ तारीख

सापडलं. म्हणजे, धागा सापडला.

वीज बंद केली तर ते ऐकत नाही. पण उलटी दिली तर? सळयांना प्लस, भिंतीला मायनस. पेटीच्या तारा उलट्या जोडल्या आणि पेल्याजवळ बसले. पेल्यातलं पाणी शहारलं. आणि चढलेली कड केसभर खाली आली! केसभरच. मी पेटी काढली तर पुन्हा वर.

ऐकतंय. जोर कमी पडतोय, एवढंच.

रिळांचे रॅक जोडायला मालकांनी वेल्डिंगचं मशीन आणलंय. त्याचा जोर पेटीच्या कित्येक पट. मागितलं. मालकांनी नाही म्हटलं. म्हणाले, भिंती ओल्या करणार तुम्ही? माझी रिळं? हॉलला कुलूप लावून गेले.

मी पहार घेऊन कुलूप तोडलं. सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

गुरुवार, २० तारीख

पहाटेपासून जोडलंय. आईंना खुर्चीसकट अंगणात आणून बसवलं, त्यांचाच हट्ट. हौदासमोर, नाकासमोर. तलावावर ऐकायचे तो आवाज. त्या फुगलेल्या पाण्याला सांगत होत्या की खाली बस. एकदम खाली बस. कोणी सांगितलं तुला वर यायला. आवाज चिरका झालाय, श्वास पुरत नाही, पण थांबल्या नाहीत.

आणि ते बसलं. फुगवटा काठाखाली गेला. दुपारपर्यंत हौद वीटभर उतरला. आईंच्या ओठांवर ओल आली. जिभेने चाटली आणि म्हणाल्या, खारट. हसल्या!

हॉलमध्ये भिंती काळ्या पडतायत. ओल चढतेय, पण सरसकट नाही. तुकड्यातुकड्याने. एक पाठ. बापूंची, मी ओळखते. दुसरी उंच, रुंद, कमरेला अवजारांच्या पट्ट्याची खूण. ती माझ्या आधीच्या तंत्रज्ञाची, तेही कळलं. बाकीच्या कितीतरी, एकावर एक, लहानसुद्धा. चादरी-कपड्यांतून प्यायलेल्या, गेल्या कित्येक वर्षांच्या.

मालक आले. खालची रिळं भिजून फुगली होती. ओरडायला तोंड उघडलं आणि भिंत दिसली त्यांना. बापूंच्या पाठीसमोर उभे राहिले. डोळे भरले. आणि पाणी आडवं गेलं, त्यांच्या गालावरून. त्यांनी हात लावून पाहिला, बोटांकडे बघत राहिले.

मग म्हणाले की काय हवंय तुम्हाला, सांगा.

मी म्हटलं, लोखंड. जेवढं मिळेल तेवढं. आणि भिंत पाडणारं मशीन.

गुरुवार, नंतर

लोखंडाचं असं की जमिनीतल्या सळयांना प्लस दिला की त्या विरघळतात. म्हणून तर त्यांना नेहमी मायनस देतात. इथे तर डोळ्यांदेखत झिजतायत, उसाच्या कांडीसारख्या चघळलेल्या. एक संपली की दुसरी ठोकायची. मधे जरा उशीर झाला की हौद पुन्हा वर येतो. आणि राग आल्यासारखा येतो.

पहार संपली. कारखान्याचे जुने पाइप संपत आले. खिडक्यांचे गज कापतेय.

भिंत ओली झाली की मऊ होते. आतून कोरडी होऊन पीठ झालेलीच आहे. पडली, विटा विखुरल्या, की बारीक वाटा तुटल्या. वाटा तुटल्या की पंप नाही. एवढं साधं आहे. तोवर धरून ठेवायचं.

मशीन उद्या मिळेल.

मालक आईंना गाडीतून घेऊन गेले. हॉस्पिटलात. मी जबरदस्ती केली. आता सलाइन सरळ पडेल, जोवर इथे तार उलटी आहे तोवर. आईंनी माझी मान धरली, कपाळाला कपाळ लावलं. आयुष्यात पहिल्यांदा.

शुक्रवार, २१ तारीख, सकाळ

जागी राहायला लिहितेय.

मालकांचा फोन. आई दूध प्यायल्या. नर्सला पोहायला येतं का विचारलं. थेंब सरळ पडतोय.

सरळ पडतोय!

माझी जीभ टाळूला चिकटतेय. वेल्डिंगच्या मशीनजवळ बसायचं म्हणजे भिंतीजवळ बसायचं, इलाज नाही. पाणी पिते ते कुठे जातं कळत नाही. डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. उजवा चालतो. उजवा पुरे.

दोन गज उरले. आईंच्या पलंगाची चौकट.

दुपार

मशीन आलं. फाटकाशी घरघर ऐकू आली, इतका सुंदर आवाज. हलणारे भाग, दात, साखळ्या, ग्रीस. ड्रायव्हरला ओरडून सांगितलं की केबिनमधून उतरायचं नाही. काच बंद ठेव. हौदाच्या बाजूने ये, सरळ भिंतीवर घाल.

तो म्हणतोय, बाई तुम्ही आधी बाहेर या.

बाहेर आले तर तार कोण धरणार. चिमटा तुटलाय, टोक डाव्या तळहाताने दाबून धरावं लागतंय. हातमोजे आहेत. चालेल.

घाल म्हटलं.

पहिला दणका. सगळी भिंत हादरली. पाठी हलल्या, सगळ्या एकदम, कूस बदलल्यासारख्या—

पाणी भिंतीतून बाहेर येतंय. फरशीवरून. सपाट नाही. उभं. माझ्याकडच्या बाजूला गुडघाभर, मागे काहीच नाही. हौदाकडे जायचं सोडून माझ्याकडे—

ओळखतं वाटतं मला. बरं. मीही ओळखते.

दुसरा. वरून विटा. चौकट झिजली, हातभर राहिली. पुरेल. पुरवते.

पाय ओले. थंड नाहीत, अंगाएवढे गरम. ओढतंय, पोटरीपासून, मांडीपासून—

अजून एकच, ड्रायव्हर, डाव्या कोपऱ्यावर, तिथे तडा—

ये. ये ना, बघू. इतक्यांचं प्यायलास. माझं नाही. ऐकतोयस? आई तिकडे दूध पितायत आणि माझ्याकडून तुला एक थेंबसुद्धा मिळणार ना